बायोडाटा, बारसे आणि बंद घर : सोशल मीडियावर खासगी माहिती कशी जपावी

लग्न जमवण्यासाठी फिरणारा एक नेहमीचा बायोडाटा समोर घ्यावा. वर गणपतीचे चित्र, त्याखाली मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, शिक्षण, कंपनीचे नाव आणि वार्षिक पगार. मग वडिलांचा हुद्दा, आईचे नाव, मामांचे नाव-आडनाव व गाव, भावाची नोकरी. 'नातेसंबंध' या रकान्यात पाच-सहा आडनावे. 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट, गावी बागायती शेती' अशी मालमत्तेची ओळ. आणि शेवटी घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर व एक पूर्णाकृती फोटो. ही एक पानाची पीडीएफ वधू-वर सूचक ग्रुपवर टाकली की ती तिथून दुसऱ्या ग्रुपवर, मग समाजाच्या फेसबुक पेजवर आणि एखाद्या मध्यस्थाच्या संग्रहात जाते. स्थळ जमते, लग्न होते, बाळाचे बारसेही होते. पीडीएफ मात्र फिरतच असते.

यातली एकेक बाब सुटी पाहिली तर कोणालाही निरुपद्रवी वाटेल. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजी कॅपिटलमधील पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्षाचे चार आकडे, हे सूत्र आधार प्राधिकरणानेच जाहीर केलेले आहे. अनेक बँकांची स्टेटमेंट्स आणि विम्याची कागदपत्रेही नाव व जन्मतारखेच्या अशाच जोडणीने उघडतात. ओळख पटवण्यासाठी 'आईचे माहेरचे आडनाव' विचारण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, आणि मामांच्या रकान्यात नेमके तेच आडनाव गावासकट दिलेले असते. कंपनी, हुद्दा, पगार व पत्ता हाती आला की 'तुमच्या सॅलरी अकाउंटबद्दल बोलायचे होते' असे म्हणत येणाऱ्या खोट्या फोनला लागणारा सगळा मजकूर तयार होतो.

सोशल मीडियावरील खासगीपणाबद्दलचे मार्गदर्शन सहसा सेटिंग्जपासून सुरू होते. माझ्या मते आधी कोणती माहिती बाहेर जाऊ द्यायची हे ठरवावे, मग ती कोणाला दिसावी याची सेटिंग्ज पाहावीत, आणि त्यानंतर, किंबहुना त्याच्या जोडीनेच, आपल्या नातेवाइकांशी आणि मित्रांशी बोलावे. कारण आपल्याविषयीचे निम्मे तपशील आपण स्वतः टाकलेलेच नसतात.

बायोडाटा आणि कागदपत्रे

बायोडाट्याच्या दोन प्रती कराव्यात. ग्रुपवर किंवा मंडळाच्या पेजवर जाणाऱ्या पहिल्या प्रतीत नाव, जन्मवर्ष, उंची, शिक्षण, कामाचे क्षेत्र, शहर, अपेक्षा आणि पालकांपैकी एकाचा नंबर एवढेच असावे. स्थळ पुढे न्यायचे की नाही हे ठरवायला समोरच्या घराला एवढी माहिती पुरते. पूर्ण जन्मतारीख, जन्मवेळ, मामांचे आडनाव, पगार, कंपनी आणि पत्ता असलेली दुसरी प्रत दोन्ही घरांचे फोनवर बोलणे झाल्यावर त्या एका घरालाच पाठवावी. शक्य असेल तर फाइल न पाठवता ड्राइव्हची लिंक द्यावी, तीत पाहणाऱ्यांना डाउनलोड करता येणार नाही अशी निवड करावी, आणि स्थळ ठरले किंवा नाकारले गेले की लिंक बंद करावी. स्क्रीनशॉट यानेही थांबत नाही, पण वर्षानुवर्षे फॉरवर्ड होत राहणारी फाइल तरी तयार होत नाही.

फोटोकडे विशेष लक्ष द्यावे. बायोडाट्यासाठी वापरलेला फोटो इन्स्टाग्रामवर किंवा लिंक्डइनवर कुठेही नसावा. तोच फोटो दोन्हीकडे असेल तर चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरून अनोळखी माणूस बायोडाट्यापासून थेट त्या खात्यापर्यंत पोहोचू शकतो. ज्या मंडळाला किंवा ग्रुपला फोटो दिला त्याचे नाव आणि महिना फोटोवरच फिकट अक्षरांत, चेहऱ्याजवळून जाईल असा, लिहावा. असा फोटो पुढे भलत्या ठिकाणी दिसला तर तो कुठून निघाला हे लगेच कळते, आणि उचलणाऱ्याचाही उत्साह थोडा कमी होतो. संपर्कासाठी वेगळा नंबर घेतला असेल तर तो बंद करण्यापूर्वी त्याला जोडलेले व्हॉट्सॲप, बँक खाते व ईमेल आधी सोडवून घ्यावे, कारण बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

आधार कार्डाचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही सहलीचे बुकिंग किंवा लॉनची नोंदणी करताना 'सगळ्यांनी आधार इथेच टाका' असा निरोप येतो आणि सगळे टाकतात. अशा वेळी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारे मास्क्ड आधार वापरावे, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. तेही ग्रुपवर न टाकता संबंधित व्यक्तीलाच पाठवावे. दहावीची गुणपत्रिका, नव्या नोकरीचे नेमणूकपत्र, विमानाचा बोर्डिंग पास यांचे फोटो अभिमानाने टाकले जातात. त्यांवरील बैठक क्रमांक, कर्मचारी क्रमांक, पीएनआर आणि बारकोड हे सगळे वाचता येण्याजोगे असते, म्हणून ते पूर्ण अपारदर्शक चौकोनाने झाकावेत. मार्करच्या अर्धपारदर्शक रेघांखालचा मजकूर फोटोचा उजेड वाढवला की पुष्कळदा वाचता येतो.

नंबर आणि व्हॉट्सॲप

मोबाइल नंबर हा बाकी सगळी माहिती एकत्र बांधणारा धागा आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सभासदाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे अडीचशे जणांच्या सोसायटी ग्रुपमध्ये असणे म्हणजे अडीचशे जणांना नंबर देणे होय. म्हणून सेटिंग्जमधील प्रायव्हसी या भागात जाऊन 'ग्रुप्स' समोरची निवड 'एव्हरीवन'वरून 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणावी. त्यानंतर अनोळखी माणसाला आपल्याला परस्पर ग्रुपमध्ये ओढता येत नाही, त्याला निमंत्रण पाठवावे लागते. त्याच पानावर प्रोफाइल फोटो, अबाउट, लास्ट सीन आणि स्टेटस यांच्या निवडी आहेत. प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसेल असे करावे; एखाद्याचा फोटो उचलून त्याच्याच नावाने 'हा माझा नवा नंबर, जरा अडचण आहे' असा निरोप नातेवाइकांना पाठवण्याची फसवणूक त्या फोटोवरच उभी असते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: 'माय कॉन्टॅक्ट्स' म्हणजे आपल्या फोनमध्ये सेव्ह असलेले सर्व जण, आणि त्यांत गॅसवाले, प्लंबर, जुने घरमालक व एकदाच बोललेले एजंटही असतात. स्टेटसवर रोज घरचे फोटो टाकणाऱ्यांनी 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' ही निवड एकदा शांतपणे भरावी.

याच ॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवावा. तो जन्मतारखेवरून किंवा गाडीच्या नंबरवरून घेऊ नये. एसएमएसने आलेला कोड कोणी बोलण्यात गुंतवून काढून घेतला, तरी या पिनशिवाय त्याला आपले खाते दुसऱ्या फोनवर पूर्णपणे उघडता येत नाही. 'लिंक्ड डिव्हायसेस' ही यादी महिन्यातून एकदा पाहावी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी तिथल्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडून ते तसेच सोडून येणे ही फार नेहमीची चूक आहे, आणि त्या यादीतून तो संगणक एका स्पर्शाने काढता येतो.

व्हॉट्सॲपवरील संभाषण 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे वाटेत कोणाला ते वाचता येत नाही. समोरच्याच्या फोनमध्ये पोहोचल्यावर ते त्याच्या ताब्यात असते, हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. चॅटचा बॅकअपही आपोआप असा बंदिस्त होत नाही. चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' वेगळा सुरू करून त्याचा पासवर्ड जपून ठेवावा लागतो. ग्रुपच्या ॲडमिनवर आणखी थोडी जबाबदारी येते. सोसायटी, शाळेचा वर्ग किंवा मंडळ यांचे निरोप फक्त एकतर्फी सांगायचे असतील तर साध्या ग्रुपऐवजी कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप वापरावा, कारण त्यात सभासदांचे नंबर एकमेकांना उघड दिसत नाहीत. लग्नाच्या मोसमात 'पत्रिका' म्हणून एपीके या अक्षरांनी संपणारी फाइल आली तर ती उघडू नये. पत्रिका फोटो किंवा पीडीएफच्या रूपात येते, एपीके हे ॲप असते आणि ते फोनमधील एसएमएस वाचू लागते.

फोटोत आणखी काय दिसते

फोटो टाकण्यापूर्वी चेहऱ्यांकडे न पाहता चेहऱ्यांच्या मागे पाहावे. वास्तुशांतीच्या फोटोत दारावरची नावाची पाटी, फ्लॅट क्रमांक आणि कोणत्या कंपनीचे कुलूप बसवले आहे हे दिसते. नव्या गाडीला हार घातलेल्या फोटोत नंबरप्लेट. बाळाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशावरील बिल्ला, गळ्यातील ओळखपत्र आणि मागे उभ्या बसचा मार्ग. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ही नोंद गळून पडते, पण दर्जा टिकावा म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की ती तशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन कायमचे बंद ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

स्थळाइतकीच वेळही महत्त्वाची असते. गणपतीला कोकणात जाताना कशेडी घाटातून टाकलेली स्टोरी मुंबईतील घर पुढचे आठ-दहा दिवस बंद राहणार असल्याची वर्दी देते; दिवाळीच्या सुट्टीतील विमानतळावरच्या चेक-इनचेही तेच. सहलीचे फोटो परत आल्यावर टाकल्याने त्यांची शोभा कमी होत नाही. ज्यांना त्याच क्षणी दाखवल्यावाचून राहवत नाही त्यांनी इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी करून तेवढ्यांनाच स्टोरी दाखवावी. घरातील मुले स्नॅपचॅट वापरत असतील तर तिथल्या नकाशात 'घोस्ट मोड' सुरू आहे का हे पाहावे, नाहीतर ती कुठे आहेत हे त्यांच्या यादीतील मित्रांना नकाशावर दिसत राहते.

मुलांच्या बाबतीत मी जरा कडक मत मांडतो. बारशाच्या फोटोसोबत बाळाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ आणि रुग्णालय लिहिले जाते, आणि शाळेत जाण्यापूर्वीच त्या मुलाच्या ओळखीचा पाया सार्वजनिक होतो. आंघोळीचे, जावळाचे रडते चेहरे असलेले फोटो आई-वडिलांना गोड वाटतात. पंधरा वर्षांच्या मुलाला ते वर्गातल्या ग्रुपवर सापडले तर काय वाटेल याचा विचार फोटो टाकणाऱ्यानेच करायचा असतो, कारण मुलाला तेव्हा विचारता येत नाही. आजी-आजोबांना फोटो दाखवायचे असतील तर सहा जणांचा घरगुती ग्रुप पुरेसा आहे. इन्स्टाग्रामवर 18 वर्षांखालील मुलांसाठी 'टीन अकाउंट' ही व्यवस्था भारतात 2025 पासून आली आहे. तीत खाते मुळातच प्रायव्हेट असते आणि 16 वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना ही बंधने सैल करता येत नाहीत, अर्थात खाते उघडताना जन्मवर्ष खरे लिहिले असेल तरच.

फेसबुक व इन्स्टाग्राम : जुने खाते आवरणे

दहा-बारा वर्षांपूर्वी उघडलेल्या फेसबुक खात्यात त्या वेळच्या बेफिकिरीचे सगळे पुरावे असतात. प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये 'लिमिट पास्ट पोस्ट्स' असा पर्याय आहे. तो दाबला की आजवरच्या सर्व सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. भारतात 2020 पासून मिळणारे, मित्र नसलेल्यांपासून आपले फोटो व पोस्ट झाकणारे प्रोफाइल लॉक हे त्याहून सोपे साधन आहे, आणि स्वतःचे फोटो चोरीला जाण्याची धास्ती असलेल्या महिलांनी ते जरूर लावावे. त्यानंतर मित्रयादी 'ओन्ली मी' करावी, कारण नकली खाते काढणारा प्रथम फोटो उचलतो आणि मग मित्रयादीतील एकेकाला पैसे मागतो. यादीच दिसली नाही तर त्याचे काम अडते. जन्मदिवस दाखवायचा असेल तर दिवस-महिना दाखवून वर्ष लपवता येते. आपला नंबर वापरून आपल्याला कोण शोधू शकेल, या प्रश्नापुढेही 'ओन्ली मी' निवडावे.

लॉक लावल्यावर सगळे झाकले गेले असे वाटते, ते खरे नाही. वर्तमानपत्राच्या, राजकीय पक्षाच्या किंवा मालिकेच्या पेजवर आपण लिहिलेली टिप्पणी त्या मूळ पोस्टइतकीच सार्वजनिक असते, आपले खाते कितीही बंद असले तरी. 'तुमच्या गावाचे नाव लिहा, बघू कुठून कुठून लोक बघतात' किंवा 'तुमची पहिली शाळा कोणती' अशा पोस्टखाली हजारो लोक उत्साहाने उत्तरे देतात, आणि ती उत्तरे पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचीच असतात. आपल्याला टॅग केलेल्या पोस्ट आपल्या प्रोफाइलवर येण्यापूर्वी तपासण्याची निवड सेटिंग्जमध्ये सुरू ठेवावी, म्हणजे दुसऱ्याने आपल्याला जोडलेला फोटो आपल्या परवानगीवाचून आपल्या पानावर येत नाही. त्याच्या पानावर तो राहतोच, आणि तिथून तो काढण्यासाठी त्यालाच सांगावे लागते.

दुसऱ्यांमुळे आपली माहिती कशी जाते याचे सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाचे आहे. या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजूषेच्या ॲपमधून लोकांची माहिती गेली होती. फेसबुकने 2018 मध्ये भारत सरकारला दिलेल्या माहितीनुसार ते प्रश्नमंजूषेचे ॲप भारतात फक्त 335 जणांनी घेतले होते, पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून सुमारे 5 लाख 62 हजार भारतीयांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता होती. तो मार्ग पुढे बंद झाला. तरीही 'तुम्ही मागच्या जन्मी कोण होता' छापाची ॲप्स आणि 'फेसबुकने लॉगिन करा' हे बटण आहेच. सेटिंग्जमधील 'ॲप्स अँड वेबसाइट्स' उघडून न वापरलेली सर्व जोडणी काढून टाकावी. कॉन्टॅक्ट्स अपलोड करण्याची परवानगीही नाकारावी, कारण ती दिली की आपल्या फोनमधील शेकडो माणसांचे नंबर त्यांना न विचारता आपण कंपनीच्या हवाली करतो. संपर्क शोधण्याच्या याच सोयीचा गैरवापर करून गोळा केलेले सुमारे 53 कोटी फेसबुक खात्यांचे तपशील, नंबरांसह, 2021 मध्ये इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाले. त्यांत भारतातील सुमारे 60 लाख खाती होती.

फेसबुक व इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा स्वतः जे गोळा करते त्याला आळा घालण्याचे आपले मार्ग मर्यादित आहेत, हे मान्य करावे. फेसबुक व इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' या नावाखाली इतर ॲप्स आणि दुकानांनी आपल्याबद्दल पाठवलेल्या नोंदी दिसतात. त्या तिथूनच खात्यापासून तोडता येतात आणि पुढे जोडल्या जाऊ नयेत असेही सांगता येते. ही नावे आणि त्यांच्या जागा कंपनी वरचेवर बदलते, त्यामुळे सापडले नाही तर सेटिंग्जमधील शोधाच्या चौकटीत टाइप करून पाहावे.

नातेवाइकांशी बोलणे हे या सर्वांत अवघड काम आहे, कारण 'फोटो काढून टाक' म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. काकूंनी टाकलेल्या फोटोखाली जाहीर टिप्पणी करू नये. त्यांना फोन करून 'काकू, बाळाचा फोटो छान आलाय, पण तो आपल्या घरच्या ग्रुपवरच राहू द्या' असे सांगावे. लग्न किंवा मुंज असेल तर छायाचित्रकाराशी बोलणी करतानाच ठरवून घ्यावे की अल्बममधील फोटो त्याच्या जाहिरातीच्या पेजवर टाकायचे असल्यास आधी विचारावे लागेल, आणि हे बिलाच्या कागदावर लिहून घ्यावे.

बिघडलेच तर

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यातील दोन अपवाद सामान्य वापरकर्त्याने समजून घ्यावेत. आपण स्वतः सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही, आणि एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापरालाही नाही. म्हणजे पब्लिक पोस्टवर टाकलेली जन्मतारीख आणि आत्याने फॉरवर्ड केलेला बायोडाटा या दोन्ही ठिकाणी हा कायदा हाताशी धरता येत नाही.

गुन्हा घडला असेल तर गोष्ट वेगळी. नकली खाते, बदललेले फोटो, धमकी किंवा संमतीविना पसरवलेले खासगी चित्र दिसले की ते लगेच रिपोर्ट करून नाहीसे करण्याची घाई होते. त्याआधी पुरावा जमवावा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्यावी आणि त्या खात्याची व पोस्टची लिंक कॉपी करून ठेवावी, कारण नकली खात्याचे नाव क्षणात बदलता येते आणि नुसत्या स्क्रीनशॉटवरून ते शोधणे पोलिसांनाही कठीण जाते. त्यानंतर त्या मंचावर रिपोर्ट करावा, मित्रांनाही करायला सांगावे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर बाकी सारे सोडून तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. खासगी चित्र पसरवण्याची धमकी असेल तर धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत. 'स्टॉपएनसीआयआय' या सेवेत चित्र अपलोड न करता त्याचा केवळ संगणकीय ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते चित्र अडवतात. 18 वर्षांखालील मुलांसाठी अशीच 'टेक इट डाउन' ही सेवा आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दाद दिली नाही किंवा दिलेला निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तिचे उत्तर जपून ठेवावे.